आल्यागेल्याची वही

उत्तर पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे कोणकोणती कामे होती, याची यादी इतिहासकारांनी जुन्या कागदपत्रांवरून दिलेली आहे. पेठांमधील महत्त्वाचे तंटे तोडणे, बाजारातील भाव ठरवणे, सरकारी कामाला मजूर पुरवणे, घरे व जागा यांच्या खरेदीविक्रीवर देखरेख ठेवणे, जुगाराच्या अड्ड्यांना परवाने देणे ही कामे त्याच्याकडे होतीच. त्यांच्या जोडीला आणखी एक काम होते. शहरातील माणसांची गणती करायची आणि बाहेरून कोण आले व शहरातून कोण गेले याची नोंद ठेवायची. आल्यागेल्याची ही वही म्हणजे पुणे शहराच्या कारभाराचे एक आवश्यक अंग मानले जात असे.

तिची गरज होती, हे नाकारता येणार नाही. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि पाहता पाहता एका कसब्याभोवती पेठांमागून पेठा वसल्या. फौजेतले शिपाई, सावकार, वकील, यात्रेकरू, श्रावणातील दक्षिणेसाठी दूरदेशाहून येणारे ब्राह्मण असा परक्यांचा ओघ शहरात सतत वाहत असे. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास मनाई असे. चोराचिलटांपासून रयतेचे रक्षण करायचे तर कोण कोणाच्या घरी उतरला आहे हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे, हा विचार चुकीचा नव्हता.

परंतु १७७७ साली ज्याच्या हाती हा कारभार आला, त्या घाशीराम कोतवालाने या अधिकाराचे काय केले, हे पुणे शहर आजही विसरलेले नाही. कोतवालाची वही आणि कोतवालाची कोठडी एकाच हाती होती. वहीत काय लिहिले आहे हे ज्याच्याविषयी लिहिले त्याला पाहता येत नसे, आणि चुकीचे लिहिले गेले तर दाद मागायची ती पुन्हा त्याच दारात. ऑगस्ट १७९१मध्ये परगावाहून आलेल्या तैलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी एका अपुऱ्या कोठडीत डांबले आणि त्यांतील अनेकजण गुदमरून मेले. शहर खवळले. ३१ ऑगस्ट रोजी संतप्त जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. नाटकातला घाशीराम आणि इतिहासातला घाशीराम सर्वस्वी एक नव्हेत, तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो बेहिशेबी अधिकाराचा धसका, आणि तो खरा आहे.

हा जुना विषय आज आम्ही का काढला, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की आल्यागेल्याची ती वही आज पुन्हा आपल्या दारात आली आहे. ती चावडीवर नसून आपल्याच हातातील फोनमध्ये आहे. महाजालावर एखादे वर्तमानपत्र उघडावे, औषधाची माहिती शोधावी, मुलांच्या शाळेचे पान पाहावे, की तळाशी एक पट्टी उगवते: आम्ही कुकीज वापरतो, मान्य आहे का? बहुतेक जण त्रासून ‘मान्य’वर बोट ठेवतात आणि पुढे जातात. आपण नेमके काय मान्य केले, ही वही कोण लिहितो आणि ती कोण वाचतो, हे समजून घ्यायचे असेल तर इतिहासाची मदत घेणे बरे, असे आम्हाला वाटते.

धर्मग्रामाच्या वह्या

नोंद ठेवणे हेच मुळी पाप आहे काय? ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. नोव्हेंबर १५६३मध्ये त्रेंत परिषदेने ठरवले की प्रत्येक धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामातील विवाहांची वही ठेवावी आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावेही लिहून घ्यावीत. त्यामागचे कारण सरळ होते. गुपचूप लग्ने लावून नंतर ती नाकारण्याचा प्रकार त्या काळी फार माजला होता आणि त्यात स्त्रियांची फसवणूक होई. वहीतील नोंद ही दुबळ्याच्या हाती आलेले प्रमाण होती.

घाशीरामाच्या अंतानंतर दीड वर्षाच्या आत पुण्यातच अशा वह्यांना घर मिळाले. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती अधिकाऱ्यांच्या व शिपायांच्या उपासनेसाठी जागा दिली आणि १७९२च्या डिसेंबरात तेथे पहिले लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले. नाना पेठेतले आपले सिटी चर्च ते हेच. जिथे धर्मग्राम तिथे स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या हा ख्रिस्तसभेचा नियम आहे. त्या वह्यांत नाव लिहिले जाते तेव्हा मातापिता समोर उभे असतात, साक्षीदार सही करतात, आणि पुढे कधी दाखला हवा झाला तर ज्याची नोंद आहे तोच येऊन तो मागतो. लिहिणारा ठाऊक, कारण ठाऊक, वहीची जागा ठाऊक.

आणि याच ख्रिस्तसभेने काही गोष्टी मुळीच लिहायच्या नाहीत असेही फार पूर्वी ठरवले होते. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने पापनिवेदनाची मोहोर अभंग राखण्याचा कडक नियम केला. शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने ते गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर मठात प्रायश्चित्त घ्यायला लावावे, असे त्या नियमात आहे. १९८३ सालच्या धर्मविधी-संहितेतील २२०वे कलमही प्रत्येकाची अब्रू व त्याचे खाजगीपण जपले पाहिजे असे सांगते. म्हणजे लग्नाची वही उघड आणि पापनिवेदनाला वहीच नाही. दोन्ही नियम एकाच समजुतीतून आले आहेत. माणसाविषयीची माहिती ही त्या माणसाची असते, आणि दुसऱ्याच्या हाती ती केवळ ठेव म्हणून असते.

१८९७ची झडती

हेतू चांगला असला म्हणजे माणसाला विचारण्याची गरज उरत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर पुण्याने १८९७ साली फार मोठी किंमत देऊन शिकवले. मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात सुरू झालेली प्लेगची साथ काही महिन्यांत पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्च महिन्यात प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हुकमाने गोऱ्या सोजिरांची पथके घरोघर झडतीसाठी शिरू लागली. रोगी शोधून काढावेत, त्यांना वेगळे ठेवावे, साथ आटोक्यात आणावी हा हेतू होता, आणि वैद्यकीय दृष्टीने त्याला आधारही होता. पण देवघरात आणि माजघरात बुटांनिशी शिरणाऱ्या सोजिराने घरच्या माणसाला काही विचारले नाही, समजावले नाही, आणि स्त्रियांच्या लाजेची पर्वा केली नाही.

या वेळी बोलणाऱ्यांत एक ख्रिस्ती स्त्री होती, याची आठवण आपल्या समाजाने ठेवली पाहिजे. पंडिता रमाबाईंनी मे १८९७मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी जाहीरपणे आवाज उठवला. त्या सरकारच्या वैरी नव्हत्या, आणि रुग्णालये नकोत असेही त्यांचे म्हणणे नव्हते. परोपकारासाठी उभारलेल्या व्यवस्थेतही माणसाची अप्रतिष्ठा होता कामा नये, एवढेच त्यांना सांगायचे होते. पुढे २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतरचा फाशीपर्यंतचा इतिहास सर्वांना माहीत आहे. हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु न विचारता उंबरठा ओलांडणारी सत्ता लोकांच्या मनात काय पेरते, हे त्या वर्षाच्या पुण्याकडे पाहून कळते.

सायकल स्टँडचा बिल्ला

आता कुकीच्या जन्माकडे वळू. १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत लू माँटुली नावाचा तेवीस वर्षांचा अभियंता काम करीत होता. महाजालाच्या रचनेत त्या वेळी एक अडचण होती. ज्या संगणकावर एखादे संकेतस्थळ ठेवलेले असते, त्याला स्मरणशक्ती नव्हती. आपण एक पान मागितले, त्याने दिले, आणि लगेच तो आपल्याला विसरला. दुसरे पान मागितले की आपण त्याच्या लेखी नवे गिऱ्हाईक. अशाने दुकान चालणार कसे? टोपलीत एक वस्तू टाकून दुसरी घ्यायला जावे तर पहिली नाहीशी व्हायची.

माँटुलीने यावर तोडगा काढला, तो पुणेकराला चटकन समजेल असा आहे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते. सायकल स्टँडवर सायकल लावली की स्टँडवाला एक बिल्ला हातात देई. परत येऊन बिल्ला दाखवला की आपली सायकल आपल्याला मिळे. स्टँडवाल्याला आपले नाव-गाव ठाऊक नसे, त्याला त्याची गरजही नसे. कुकी म्हणजे असाच बिल्ला. संकेतस्थळ आपल्या ब्राउझरला फार तर चार हजार अक्षरांची एक चिठ्ठी देते. तिच्यात बहुधा एक लांबलचक क्रमांक असतो. पुढच्या वेळी त्याच स्थळी गेलो की ब्राउझर ती चिठ्ठी आपणहून पुढे करतो आणि स्थळाला आपली ओळख पटते. बँकेच्या खात्यात शिरल्यावर प्रत्येक पानाला पुन्हा परवलीचा शब्द विचारला जात नाही, तो या बिल्ल्यामुळे. रेल्वेचे तिकीट काढताना निवडलेली गाडी पुढच्या पानावर टिकून राहते, तीही त्यामुळेच. मंडईतली भाजीवाली आपल्याला ओळखते आणि आपली नेहमीची मेथी काढून ठेवते, तितकीच ही ओळख निरुपद्रवी आहे.

घोटाळा सुरू झाला तो तिसऱ्या माणसामुळे. आपण वर्तमानपत्राचे पान उघडतो तेव्हा त्यातील सगळे तुकडे त्या वर्तमानपत्राचे नसतात. जाहिरात दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येते. कधी कधी तर डोळ्यांना न दिसणारे एका ठिपक्याएवढे चित्र केवळ याच कामासाठी पानात ठेवलेले असते. तो तुकडा आणायला आपला ब्राउझर त्या कंपनीच्या दारात जातो, तिचाही बिल्ला घेऊन येतो, आणि आपण कोणते पान वाचत होतो हेही बहुधा तिला सांगून येतो. आता अशी कल्पना करावी की शहरातील देवळापुढचा, इस्पितळापुढचा, कचेरीपुढचा, शाळेपुढचा आणि नाट्यगृहापुढचा सायकल स्टँड एकाच मक्तेदाराने गुपचूप चालवायला घेतला आहे आणि सगळीकडे तो आपल्याला एकाच क्रमांकाचा बिल्ला देतो. नाव न विचारताही त्याच्या वहीत लिहिले जाईल की अमुक क्रमांकाचा मनुष्य सोमवारी कर्करोगाच्या इस्पितळात होता, मंगळवारी वकिलाकडे, बुधवारी सावकाराकडे. कुकी स्वतः वही नव्हे, ती वहीतला अनुक्रमांक आहे. वही दूर कोठे तरी असते आणि तीत रोज भर पडत राहते.

ही गोष्ट सर्वसामान्य लोकांना दीड-दोन वर्षे ठाऊकच नव्हती. फेब्रुवारी १९९६मध्ये लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने तिच्याविषयी लिहिले आणि प्रथमच चर्चा सुरू झाली. फेब्रुवारी १९९७मध्ये महाजालाचे नियम ठरवणाऱ्या तंत्रज्ञांनी कुकीचा जो पहिला नियमपाठ प्रसिद्ध केला, त्यात तिसऱ्याच्या कुकीला ब्राउझरने परवानगी देऊ नये, निदान वापरणाऱ्याने मागितल्याशिवाय तरी देऊ नये, असे म्हटले होते. धोका जाणकारांनी वेळीच ओळखला होता. पण ब्राउझर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तो सल्ला मानला नाही, कारण तोवर जाहिरातींचा धंदा त्या बिल्ल्यावर उभा राहू लागला होता.

नाव आणि क्रमांक

वहीत नाव नाही, नुसता क्रमांक आहे, मग भ्यायचे कशाला, असे या धंद्यातील लोक नेहमी म्हणतात. त्यांचाच इतिहास याचे उत्तर देतो. डबलक्लिक या जाहिरातींच्या मोठ्या कंपनीने १९९९ साली दुसरी एक कंपनी आपल्यात विलीन करून घेतली. त्या दुसऱ्या कंपनीकडे टपालाने माल मागवणाऱ्या कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांची नावे व पत्ते होते. क्रमांकांची वही आणि नावांची वही जोडण्याचा बेत उघड होताच अमेरिकेत मोठा गदारोळ झाला आणि मार्च २०००मध्ये कंपनीला तो बाजूला ठेवावा लागला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २००८ साली डबलक्लिकची खरेदी गूगलने पूर्ण केली. या दोन नोंदी एरवी एकत्र करणार नाही असे गूगलच्या धोरणात लिहिलेले होते. २०१६ साली ते वाक्य बदलले गेले. जे सन २०००मध्ये गाजावाजा होऊन थांबले होते, ते सोळा वर्षांनी एका कलमाच्या दुरुस्तीने निमूटपणे शक्य झाले.

क्रमांकावरून माणूस कसा ओळखला जातो, याचे एक उदाहरण तर थेट ख्रिस्तसभेतले आहे. जुलै २०२१मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशप परिषदेच्या सरचिटणीसपदावरील एका धर्मगुरूंनी राजीनामा दिला. एका वृत्तपत्रिकेने मोबाइल फोनमधील जाहिरातींसाठी गोळा होऊन बाजारात विकली जाणारी माहिती मिळवली होती. त्या माहितीत नाव नव्हते. परंतु अमुक फोन रात्री कोणत्या घरात असतो, दिवसा कोणत्या कार्यालयात जातो, सुटीत कोठे मुक्काम करतो, हे जुळवून पाहिल्यावर नाव शोधायला वेळ लागला नाही. पुढे मार्च २०२३मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने असे प्रसिद्ध केले की डेन्व्हर शहरातील कॅथलिक प्रापंचिकांच्या एका गटाने धर्मगुरूंवर नजर ठेवता यावी म्हणून अशी माहिती मिळवण्यावर निदान चाळीस लाख डॉलर खर्च केले होते. फोनमधील जाहिरात-क्रमांक हे कुकीचेच धाकटे भावंड आहे.

त्या धर्मगुरूंचे वर्तन कसे होते हा येथे आमचा विषय नाही. त्याचा न्याय करण्यास ख्रिस्तसभेचे अधिकारी समर्थ आहेत. आम्हाला अस्वस्थ करते ते हे की एका श्रद्धावान गटाला, चांगल्या हेतूने का होईना, आपल्याच धर्मबंधूच्या पाठीवर असा विकतचा कोतवाल बसवावासा वाटला. पापनिवेदनाच्या मोहोरेसाठी ज्या परंपरेने प्रसंगी प्राण दिले, त्या परंपरेतील माणसांना हे सुचावे, आणि बाजाराने त्यांना ती माहिती विकावी, यात काळाचे गांभीर्य आहे. आज वही फक्त कोतवालाकडे नाही. ज्याच्या गाठीला पैसे आहेत त्याला ती विकत मिळते.

संमतीचा कायदा

युरोपातील देशांनी २००९ साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून असे ठरवले की अत्यावश्यक कुकी सोडून बाकी कोणतीही ठेवण्यापूर्वी वापरणाऱ्याची संमती घ्यावी. मे २०१८पासून लागू झालेल्या तेथील माहिती-संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्या अधिक कडक केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की चौकटीत आधीच खूण करून ठेवली असेल तर ती संमती नव्हे. संमती देणाऱ्याने स्वतः काही कृती केली पाहिजे. जानेवारी २०२२मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. ‘मान्य’ म्हणायला एक टिचकी पुरे आणि ‘अमान्य’ म्हणायला अनेक पायऱ्या चढायच्या, ही त्यांची रीत तिने बेकायदा ठरवली. थकवून घेतलेला होकार हा होकार नव्हे, असाच त्या निर्णयाचा अर्थ आहे.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे. ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यानुसार संमती मोकळ्या मनाने, समजून-उमजून आणि विशिष्ट कारणापुरती दिलेली असली पाहिजे. ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. संमती मागणारी सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागेल. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना बंदी आहे. कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र याच कायद्यात सरकारने अधिसूचित केलेल्या शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. आणि २०११ सालच्या नियमांनी सायबर कॅफेवाल्याला गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, ओळखपत्र, बसल्याची आणि उठल्याची वेळ यांची वही ठेवणे व ती किमान एक वर्ष जपणे बंधनकारक केले. दहशतीच्या काळात अशा वहीला कारण असू शकते, हे पुण्याने सोसलेले आहे. तरीही आल्यागेल्याची नोंद ठेवणाऱ्याने कोणाला हिशेब द्यायचा, हा १७९१चा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

आपण काय करावे

भिऊन महाजाल सोडून देणे हा उपाय नाही, आणि सगळ्याच कुकी पुसून टाकल्या तर बँकेचे दारही दर वेळी नव्याने ठोठवावे लागेल. बिल्ला हवा, पण ज्याच्याकडे सायकल ठेवली त्याचाच हवा. म्हणून पहिली गोष्ट ही की ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तिसऱ्या पक्षाच्या कुकी बंद कराव्यात. ॲपलच्या सफारीने मार्च २०२०पासून त्या पूर्णपणे अडवल्या आहेत. फायरफॉक्सने २०२२पासून प्रत्येक स्थळाच्या कुकींना वेगवेगळ्या डब्यांत बंद करण्याची सोय मुळातच केली आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रोमच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. तिसऱ्याच्या कुकी दोन वर्षांत काढून टाकू असे गूगलने जानेवारी २०२०मध्ये सांगितले, मुदत वारंवार पुढे ढकलली, आणि २०२४-२५मध्ये तो बेत सोडून दिला. तेथे आपले दार आपल्यालाच लावून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट, पट्टी उगवली की क्षणभर थांबावे. ‘सर्व नाकारा’ असा पर्याय असेल तर तो घ्यावा. नसेल तर ‘पर्याय पाहा’ उघडून अत्यावश्यक तेवढ्याच राहू द्याव्यात. अधूनमधून साठलेल्या कुकी पुसाव्यात. आजारपण, कर्ज, घरातील दुरावा अशा नाजूक विषयांचा शोध खाजगी खिडकीत घ्यावा. ती खिडकी मिटली की तिच्यातील कुकी जातात. पण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून ती आपल्याला लपवत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. फोनमधील जाहिरात-क्रमांक काढून टाकता येतो आणि कोणत्या ॲपला आपले ठिकाण कळावे हे ठरवता येते. कुकीवाचूनही माग काढण्याच्या रीती निघाल्या आहेत, तेव्हा या उपायांनी सर्व संकट टळेल असे नाही. दाराला कडी लावल्याने चोऱ्या थांबत नाहीत, तरी शहाणा मनुष्य कडी लावतोच.

तिसरी गोष्ट आपल्या संस्थांविषयी आहे आणि ती सांगताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. आपल्या शाळा, इस्पितळे, पतपेढ्या आणि धर्मग्राम यांचीही आता संकेतस्थळे झाली आहेत. ती कोणाकडून तरी तयार करून घेतली जातात, आणि कोणत्या तिसऱ्या कंपनीचे अदृश्य ठिपके त्यांत बसले आहेत हे विश्वस्तांना क्वचितच ठाऊक असते. एखादी माता आपल्या इस्पितळाच्या पानावर मुलाच्या आजाराविषयी वाचते, तेव्हा ती आपल्यावर विश्वास टाकून आत आलेली असते. तिच्या मागोमाग अनोळखी माणसाला आपण आत घेत असू, तर त्याची जबाबदारी आपली आहे. प्रत्येक संस्थेने आपले पान बनवणाऱ्याला हा एक प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावे. तसेच कुटुंबांची नावे, फोन आणि जन्मतारखा यांच्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटांत सर्रास फिरवल्या जातात, ते थांबवावे.

पेशवाईचे कोट्यवधी मोडी कागद आज पुण्याच्या पुराभिलेखागारात जपून ठेवलेले आहेत. कोणी कर भरला, कोणाला दंड झाला, कोणाच्या घरी काय तंटा होता, हे लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नव्हते की सव्वादोनशे वर्षांनी कोणी परका ते वाचील. लिहिलेले टिकते, आणि कोणाच्या हाती पडेल हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. कोतवालाच्या वहीत आपले नाव जावे की नाही, हे त्या काळच्या पुणेकराला कोणी विचारले नाही. आपल्याला निदान विचारले जाते. एवढा हक्क मिळायला घाशीरामाच्या कोठडीपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंतचा काळ गेला. तो हक्क एका त्रासिक टिचकीत घालवू नये, इतकेच आमचे वाचकांना सांगणे आहे.